न धुतलेला कप

आमच्या हिला गरम भांडं उघडायची घाई कधीच नसते. कुकर निवतो, शिटी उचलली तर फुसकन आवाजही येत नाही, तरी ही आणखी थोडा वेळ झाकणाला हात लावणार नाही. मी ताट मांडून बसलेलो, पोटात कावळे ओरडतायत, आणि ही ओट्याला टेकून शांतपणे उभी. "अगं, उघड की आता," म्हटलं तर म्हणते, "थांबा हो. बाहेरून निवलं म्हणजे आतून निवलं असं नाही." हे ती कुकरबद्दल म्हणते. मला उगाच वाटत राहतं की माझ्याबद्दल म्हणतेय.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोकं लवकर तापतं, हे मी सांगायची गरज नाही, गिऱ्हाइकं सांगतातच. ही माझ्या अगदी उलट. विनोद सांगितला तर त्या वेळी गप्प बसेल आणि संध्याकाळी भाजी निवडताना एकटीच हसेल. भांडायला लागलो तर मला पूर्ण बोलू देते, आणि मग असं एकच वाक्य बोलते की माझं सगळं भांडण पाण्यात. अशा बाईशी संसार करणं सोपं नाही.

कुकरची सवय तिला लागली लॅबमध्ये. तिथे एक मायक्रोवेव्ह आहे. दिसायला घरातल्यासारखाच, पण अंगानं थोराड, आणि दाराला भक्कम खटका. त्यात टेफ्लॉनचे जाड, पांढरे, झाकणवाले कप ठेवतात. कपात जस्ताचा क्षार विरघळवलेलं पाणी, त्यात थोडी अल्कली. झाकण किल्लीनं आवळायचं, कप कठीण प्लास्टिकच्या खोळीत बसवायचा, दार लावायचं. आतलं पाणी तापतं, पण वाफेला बाहेर जायला वाट नसते. दाब चढत जातो, आणि पाणी उकळीच्या पुष्कळ पुढे जाऊनही पाणीच राहतं. त्या दाबात आणि त्या उष्णतेत जस्ताच्या अतिसूक्ष्म कांड्या तयार होतात. एका केसाच्या टोकावर हजारो मावतील एवढ्या बारीक. भट्टीत याच कामाला अख्खा दिवस जातो, मायक्रोवेव्हमध्ये चहा होईपर्यंत उरकतं. मग मात्र थांबायचं. निवायच्या आत झाकण सैल केलं तर ती उकळती अल्कली थेट तोंडावर येते. म्हणून ही थांबते.

निवलं की खाली बसलेली पूड धुवायची, वाळवायची, आणि चिमूटभर घेऊन पलीकडच्या इमारतीतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायची. या पुडीचा थर दिलेली पट्टी कारखान्याच्या भिंतीवर लावली की विषारी वायू गळायला लागल्याबरोबर तिला कळतं, माणसाच्या नाकाला कळायच्या आधी. हे सगळं तिनं मला किती वेळा समजावलं असेल, देव जाणे. मला कांड्या कळल्या, वायू कळला, मधलं अजून कळायचंय.

ती या कामाकडे आली उशिरा. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न, मग मुलगी, मग माझ्या आईचं लांबलेलं आजारपण. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा ही लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागली. चाळिशी आली होती, म्हणजे चष्मा मीच करून दिला होता. तिथल्या सरांनी तिचं काम बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टरेटला नाव का घालत नाही?" घरी येऊन तिनं हे असं सांगितलं, जणू सरांनी चुकून दुसऱ्याच बाईला विचारलं होतं. मी म्हणालो, घाल नाव. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो की आमच्या घरात आता डॉक्टर होणार. "डोळ्यांची का?" लोक विचारायचे. "जस्ताची," मी सांगायचो.

पण गोष्ट गमतीची नव्हती. मदतनिसाची नोकरी दरवर्षी नव्यानं मिळायची, म्हणजे दरवर्षी जाऊही शकायची. डॉक्टरेट झाली तर ती तिथे कायमची होणार होती. आणि सरांची निवृत्ती जवळ आलेली. ते जायच्या आत प्रबंध द्यायला हवा होता. नंतर नवा गाईड शोधा, नव्यानं विषय मांडा, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला कोण जवळ करणार? हे तिलाही माहीत होतं, मलाही.

त्या लॅबमध्ये एक रीत आहे. कप ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या कपात कुणी काम करत नाही. लॅब सोडून जाणारा आपला कप नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून, अगदी कोरा करून रॅकवर पालथा घालतो. पालथा कप म्हणजे कोरा कप. पुढच्या माणसानं तो उचलायचा आणि कामाला लागायचं, पुन्हा धुवायचा नाही. "धुतला तर बिघडलं काय?" असं मी एकदा विचारलं, तर हिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू पाहुणा म्हणून जेवायला जाऊन मी तिथलं ताट बोटानं पुसून बघितलं असावं.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणायचे. पहिल्याच दिवशी तो हिला 'मावशी' म्हणाला. आठवडाभर ही त्याच्याशी धड बोलली नाही. मग 'ताई' झाली, मग वाद सुरू झाले, म्हणजे मैत्री झाली. तो भट्टीवाला. सावकाश, दिवसभर तापवून जस्ताचे दाणे करायचा, आणि हिच्या मायक्रोवेव्हला 'झटपट स्वयंपाक' म्हणून चिडवायचा. चष्मा माझ्याकडूनच घ्यायचा. काचेला इतके ओरखडे पाडून आणायचा की मी म्हणायचो, "अरे, पुसतोस कशानं, विटेनं?" कपाचंही तेच. टेफ्लॉनचा कप हळुवार पुसायचा असतो, हा स्टीलच्या चमच्यानं खरवडायचा. हिची बोलणी खायचा आणि पुन्हा खरवडायचा.

एका बुधवारी अंग कणकणतंय म्हणून तो लवकर निघाला. कप पाण्यानं विसळला, निथळायला रॅकवर पालथा घातला, आणि "ताई, सोमवारी येतो" म्हणून गावी आईकडे गेला. ताप साधा नव्हता. सोमवारी तो आला नाही, तो गेल्याची बातमीच आली. ही तेव्हा कितीतरी दिवस घरी येऊन नुसती बसून राहायची. मी त्याचा एक दुरुस्त केलेला चष्मा दुकानात ठेवला होता, तो कुणाला द्यायचा हे मला कळेना. अजून कळलेलं नाही.

पुढे काही महिन्यांनी हिच्या स्वतःच्या कपाच्या झाकणाचे आटे गेले. सर म्हणाले, रॅकवरचा घ्या. रॅकवर बांबूचा कप पालथा होता. हिनं तो घेतला. धुतला नाही. रीतच तशी होती, आणि गेलेल्या मुलाच्या कामावर शंका घ्यायची, हे तर तिच्या मनातही आलं नाही.

त्या कपातून पहिल्याच खेपेला ज्या कांड्या निघाल्या, तशा त्या लॅबनं बघितल्या नव्हत्या. सरळ, सडपातळ, सगळ्या एका मापाच्या. अशा कांड्या हव्या असतील तर आधी पाण्यात बारीक दाणे टाकावे लागतात, त्याला तिथे 'बी' म्हणतात. हिनं बी टाकलंच नव्हतं. सरांनी तीन-चारदा विचारलं, "बीशिवाय?" आणि हिनं दर वेळी सांगितलं, "बीशिवाय." पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. झालं, प्रबंधाचा कणाच सापडला. बीशिवाय, काही मिनिटांत, एकसारख्या कांड्या. त्या दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. मलाही त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते अपचनानं नव्हतं.

काम छान चाललं. मग पट्ट्यांच्या चाचण्यांसाठी जास्त पूड हवी झाली. एका कपात निघते चिमूटभर, ती लगेच चाचणीत खपून जाते. म्हणून हिनं रीत मोडून इतरांचे कप मागितले, सगळ्यांत एकच पाणी भरलं आणि एकदम लावले. एका कपात कांड्या आल्या. बाकी सगळ्यांत ढेकळं.

सर म्हणाले, मायक्रोवेव्हची उष्णता सगळीकडे सारखी पोचत नसेल, जागा बदलून बघा. हिनं कपांच्या जागा बदलल्या. कांड्या बांबूच्या कपाबरोबर फिरल्या. मग तिनं त्याच्या कपाच्या भिंतीवरून कापसाचा बोळा फिरवला आणि तो नव्या कपात बुडवला. थोड्या कांड्या, थोडी ढेकळं. त्यावरून ठाम काहीच म्हणता येईना. पण तिला कळायचं ते कळलं होतं. ओरखड्यांत काय काय अडकून बसतं हे मलाही माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. बांबूनं सोमवारी यायचं म्हणून कप नुसता विसळला होता. त्याच्या भट्टीतले दाणे त्या ओरखड्यांत तसेच होते. बी होतं. फक्त ते हिनं टाकलेलं नव्हतं.

आता खात्री करायचा एकच मार्ग होता. कप ॲसिडमध्ये उकळायचा आणि पुन्हा तेच काम करून बघायचं. कांड्या आल्या तर प्रबंध वाचला. नाही आल्या तर गेला.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खोलीत बोलावून दार लावलं आणि म्हणाले, "बाई, खोटं लिहा असं मी म्हणत नाही. तुमच्या कपात कांड्या येतात, हे खरं आहे. तेवढं लिहा. फक्त हा एक प्रश्न आत्ता विचारू नका. मी गेल्यावर विचारा."

मी तर सरांच्याही पुढे. मी म्हणालो, "एक कप चांगला निघाला तर निघाला. माझ्याकडे काचा घासायचे दोन दगड आहेत, त्यातला एकच धड चालतो. मी दगडाला विचारत बसतो का, बाबा रे, तू का चालतोस म्हणून?"

"नाही विचारत," ती म्हणाली. "पण कुठल्याही दगडावर काच अशीच घासली जाते, असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही ना? मी तसं लिहिलंय."

मग मी आवाज चढवला. इतकी वर्षं, हे वय, ही नोकरी, सगळं एका मळक्या कपावर घालवणार आहेस का, असं बरंच बोललो. तिनं मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाली, "मला भीती प्रबंधाची नाही हो वाटत. त्या कपात त्याचं काहीतरी आहे. मी उकळला तर ते जाईल." आणि आत निघून गेली. माझा राग मात्र गेला नाही.

ज्या दिवशी तिनं तो कप उकळला त्या दिवशी दुपारी मी तिचा चष्मा घेऊन लॅबमध्ये गेलो होतो. दांडी सैल झाली होती, ती आवळून आणली होती. ती धूर ओढून घेणाऱ्या त्या काचेच्या कपाटापुढे उभी होती. हातात जाड हातमोजे. चिमट्यात कप धरलेला, पण तो ॲसिडमध्ये सोडत नव्हती. मी दारातच थांबलो. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, मग कप हळूच आत सोडला आणि समोरची काच खाली ओढली. ती रडत होती, आणि हातमोज्यांना ॲसिड लागलेलं असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. मी जवळ गेलो आणि माझ्या रुमालानं पुसले. चष्मे पुसायचाच रुमाल होता तो, दुसरा नव्हता.

धुतलेल्या कपात तिनं तेच पाणी, तीच अल्कली घातली, तेवढाच वेळ तापवलं. निवू दिलं. मायक्रोस्कोपखाली ढेकळं दिसली. पुन्हा केलं, पुन्हा ढेकळं. ती घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "अहो, ते त्याचंच होतं."

प्रबंधातून मुख्य प्रकरण गेलं. बी टाकून कांड्या उगवतात हे जगाला आधीच माहीत होतं, ते हिनं पुन्हा सांगून डॉक्टरेट कोण देणार? सर निवृत्त झाले. मुदत संपली आणि डॉक्टरेटच्या यादीतून हिचं नाव कमी झालं. ती आजही तिथेच मदतनीस आहे, दर वर्षी नव्यानं. मला विचाराल तर मी आजही म्हणेन, तिनं सरांचं ऐकायला हवं होतं. आणि ती ऐकणारी असती तर मी तिचा चष्मा द्यायला भर दुपारी दुकान बंद करून गेलो असतो का, तेही मला सांगता येत नाही.

एक बदल मात्र तिनं करून घेतला. आता तिथे घेणाराही कप धुतो. लोक नाराज झाले, पण धुतात.

तिनं आणि सरांनी मिळून एक छोटा लेख लिहिला, न धुतलेल्या भांड्यातलं बी माणसाला कसं फसवतं यावर. लेखकांत पहिलं नाव बांबूचं घालायचं असं तिनं ठरवलं. छापणाऱ्यांनी कळवलं, मृताचं नाव घालायचं तर घरच्यांची परवानगी लागेल. ते फोनवरही झालं असतं. पण ही म्हणाली, जाऊन येऊ. मी बरोबर गेलो.

बसमध्ये अर्धा दिवस गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला गणवेश. त्याची आई इतकी ठेंगणी की मला क्षणभर घर चुकल्यासारखं वाटलं. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि आधी हेच विचारलं, "तिकडे त्याला काय म्हणायचे?"

हिनं माझ्याकडे बघितलं. "बांबू," ती म्हणाली.

"आम्ही लांब्या म्हणायचो," आई म्हणाली, आणि जरा हसली.

मग हिनं सगळं सांगितलं. कप, ओरखडे, दाणे, कांड्या. माझ्यापेक्षा त्या बाईंना लवकर कळलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजण त्याचं होतं."

"हो. विरजण त्याचं होतं, आणि दही मी माझं म्हणून सांगत होते. म्हणून त्याचं नाव पहिलं हवं."

"घाला की. विचारायचं काय त्यात?" आई म्हणाली. मग थोडं पुढे सरकून विचारलं, "तो कप आहे अजून?"

हिनं पिशवीतून कप काढला. सरांनी जाताना तिला तो नेऊ दिला होता. आईनं तो दोन्ही हातांत घेतला, आत बोट फिरवलं, ओरखडे चाचपले. "यात आहे का अजून त्याचं ते? दाणे म्हणालात ते?"

मला वाटलं, हो म्हण. कुणाला कळणार आहे, हो म्हण.

"नाही," ही म्हणाली. "मी तो ॲसिडमध्ये उकळला. आता त्यात काही नाही. पूडही सगळी चाचण्यांत संपली. उकळल्याशिवाय ते त्याचं होतं हे कळलंच नसतं."

आई कप मांडीवर तसाच धरून खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"तुम्हाला धुववला?" शेवटी तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नव्हता धुववत," ही म्हणाली. "पण धुतला."

आई उठली, आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक निळा शर्ट होता, बाह्या खूप लांब, कॉलर मळलेली, घडी न करता नुसता गोळा केलेला. आजारी पडून घरी आला त्या दिवशी हाच अंगात होता, एवढंच तिनं सांगितलं. ती बसली आणि शर्ट तिनं कपावर ठेवला, दोन्हींवर हात ठेवला.

"मी हा नाही धुणार," ती म्हणाली.

"नका धुऊ," आमची ही म्हणाली.